मदत हवी आहे : ६० मेगापास्कल दाबाच्या पुढे डेकेनची घनता जुळत नाही

नमस्कार. कंप पावणाऱ्या नळीच्या घनतामापकावर (नळीत भरलेल्या द्रवामुळे कंपनाचा काळ बदलतो, त्यावरून घनता काढतात) एन-डेकेन हे द्रव हायड्रोकार्बन मोजतोय, तापमान २५ अंश सेल्सियस. वातावरणीय दाबाला घनता ७२६ किलो प्रति घनमीटरच्या आसपास, म्हणजे बरोबर येते. पण ६० मेगापास्कलच्या पुढे आकडे प्रकाशित मूल्यांपासून हळूहळू सरकत जातात, आणि दर वेळी एकाच दिशेने.

कॅलिब्रेशन (माहीत असलेल्या घनतांवर उपकरण जुळवणं) निर्वात नळी आणि पाणी यांवर केलंय, पण पाणी फक्त वातावरणीय दाबालाच मोजलंय. दाबाने नळी किंचित फुगते, तिचा ताठपणा बदलतो, त्यामुळे कंपनकाळावरून घनता काढणाऱ्या सूत्रातले दोन्ही स्थिरांक दाबाबरोबर बदलणार हे कळतंय. मग प्रत्येक दाबाला पाण्यावर पुन्हा कॅलिब्रेशन करावं, की टोल्युइन घ्यावं? टोल्युइनची घनता पाण्यापेक्षा डेकेनच्या जवळची, म्हणून माझा कल तिकडे आहे.

खरी काळजी पुढची आहे. हीच घनता कंपित तारेच्या व्हिस्कोमीटरच्या (तारेच्या कंपनावरून द्रवाची व्हिस्कॉसिटी, म्हणजे वाहण्याला होणारा विरोध, मोजणारं उपकरण) गणितात जाते, म्हणजे इथली चूक व्हिस्कॉसिटीतही उतरणार. शिवाय जास्त व्हिस्कॉसिटीच्या तेलात नळीचं कंपन जास्त मंदावतं आणि घनता थोडी जास्त दिसते. डेकेनची व्हिस्कॉसिटी कमी आहे, तरी ही दुरुस्ती लावावी का? ज्यांनी १०० मेगापास्कलपर्यंत मोजमाप केलंय, त्यांनी कृपया आपली पद्धत सांगा.