जुन्या लाकडी टेनिस रॅकेटची मूळ गटिंग कशाची आहे, हे कसे ओळखावे?

प्रश्न

माझ्या आजोबांची लाकडी टेनिस रॅकेट आता माझ्याकडे आली आहे. तिच्या तारा मधासारख्या पिवळसर रंगाच्या असून उजेडात धरल्यावर किंचित पारदर्शक दिसतात. दोन आडव्या तारा तुटलेल्या आहेत आणि त्यांची टोके केसांसारखी पिंजली आहेत. चौकटीच्या वरच्या व खालच्या कडेला बारीक लाल दोऱ्याचे वेढे आहेत. आपण सगळ्याच तारांना सरसकट ‘गटिंग’ म्हणतो; परंतु ही खरोखर आतड्याची तात आहे, रेशीम आहे की नायलॉन, हे समजल्याशिवाय तिला हात लावू नये असे मला वाटते. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १

तुटलेल्या तारेच्या टोकाचा अर्धा सेंटिमीटर तुकडा कापून घ्या, चिमट्यात धरा आणि रॅकेटपासून दूर नेऊन जाळून पाहा. नायलॉन असेल तर ते आक्रसून वितळेल आणि थंड झाल्यावर त्याचा कडक मणी उरेल. तात असेल तर केस जळल्यासारखा वास येईल आणि बोटांनी चुरडता येईल अशी काळी राख मागे राहील.

प्रतिसाद २

वरील चाचणी योग्य असली, तरी तिच्यावरून शेवटचा निष्कर्ष काढू नये, कारण रेशीमही प्रथिनाचेच असल्याने जळताना तसाच वास देते आणि तशीच राख सोडते. दुसऱ्या महायुद्धापूर्वी अनेक रॅकेटींना रेशमाच्या तारा असत, ही गोष्ट हल्ली फारशी कुणाच्या लक्षात नसते. या दोहोंतला फरक पाण्यात कळतो. एक लहान तुकडा कोमट पाण्यात तासभर ठेवा. तात फुगते, मऊ पडते, तिचा पीळ सुटतो आणि आतून चपट्या, ओलसर फिती उलगडतात, कारण ती आतड्याच्या पातळ आवरणाच्या लांब पट्ट्या एकत्र पिळून व वाळवून केलेली असते. रेशमाची तार ओली झाल्यावर तिच्यातला चिकटपणा सैल होईल, पण फिती न दिसता अतिशय बारीक, एकसारखे धागे सुटे होतील. नायलॉनवर पाण्याचा डोळ्यांना दिसेल असा परिणाम होत नाही.

टोके पिंजली आहेत, एवढ्यावरूनही काही ठरवू नका. अनेक पदरी नायलॉनही तसेच पिंजते.

प्रतिसाद ३

लाल दोऱ्याबद्दल लिहितो. त्याला ‘ट्रेबलिंग’ म्हणत. उभ्या तारा जागेवरून सरकू नयेत म्हणून तो गुंफत असत. पुढे तो बहुतेक शोभेपुरताच उरला. तो मुख्य तारांपेक्षा वेगळ्या धाग्याचा असू शकतो, म्हणून त्याची चाचणी मुख्य तारांच्या जागी चालणार नाही.

तारांवरून रॅकेटचे वय काढण्याचा मोहही टाळावा. टेनिससाठी तात १८७५पासून फ्रान्समधील बाबोला या कंपनीकडे तयार होऊ लागली आणि आजही ती बनते. नायलॉन १९३८मध्ये जाहीर झाले, त्यामुळे नायलॉनच्या तारा त्यापूर्वीच्या असूच शकत नाहीत. पण चौकट जुनी आणि गटिंग नंतरची, असे सर्रास आढळते.

आणखी एक कळकळीची विनंती आहे. तारा तुटल्यावर उरलेल्यांचा ताण चौकटीला एका बाजूने ओढत राहतो आणि लाकूड वाकते. चाचण्या झाल्यावर सर्व तारा काढायच्या असतील, तर मधल्या तारांपासून सुरुवात करून एक उभी, एक आडवी असे करत कडेकडे जा, आणि नंतर रॅकेट चार स्क्रूंच्या लाकडी प्रेसमध्ये आवळून ठेवा.

मूळ प्रश्नकर्ता

सर्वांचे मनापासून आभार. जाळलेल्या तुकड्याला केसांचा वास आला आणि राख बोटांवर चुरली. पाण्यातला तुकडा तासाभरात जवळजवळ दुप्पट फुगला, आणि सुईने टोक उकलल्यावर त्यातून पापुद्र्यासारख्या पातळ फिती निघाल्या. म्हणजे ही तातच आहे. तारा आपण सांगितल्याप्रमाणे मधूनच काढीन आणि त्यांतील दोन अखंड तारा आजोबांच्या रॅकेटसोबत जपून ठेवीन.