मॅनिक मायनर : बाण दाबला की विली आपोआप उड्या मारतो, मध्येच खेळच बंद पडतो. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

जुन्या स्पेक्ट्रम या घरगुती कॉम्प्युटरवर खेळलेलं कुणी इथे असेल तर कृपया सवड काढून वाचा. आठवडाभर डोकं खाजवतोय, पण उलगडा होत नाही.

खेळ म्हणजे १९८३ सालचा मॅनिक मायनर. मॅथ्यू स्मिथ नावाच्या, विशीही न गाठलेल्या पोराने लिहिलेला. विली नावाच्या खाणकामगाराला चालवायचं, वीस गुहा आहेत. प्रत्येक गुहेतल्या लुकलुकणाऱ्या वस्तू गोळा करायच्या आणि हवा संपायच्या आत दारातून बाहेर पडायचं. लॅपटॉपवर एम्युलेटर (जुन्या मशीनची नक्कल करणारा प्रोग्राम) टाकून खेळतोय आणि पहिल्याच गुहेत अडकलोय.

डावा किंवा उजवा बाण दाबला की विली सरळ चालतच नाही, टणाटण उड्या मारत जातो. स्पेसला बोटही लावलेलं नसतं. खालच्या मोकळ्या जमिनीवर तेवढं निभावतं, पण वरच्या फळ्यांवर गेलं की नको तिथे उडी पडते आणि झुडपावर नाहीतर कोळ्यावर आदळून जीव जातो. त्याहून वाईट म्हणजे, बाण दाबलेला असताना स्पेस दाबलं की खेळ तडक सुरुवातीच्या पियानोच्या चित्रावर जातो. मी मेलेलो नसतो. तिन्ही जीव संपले असते तर वरून बूट येऊन विलीला चिरडतो, ते दिसलं असतं. इथे काहीच नाही, एकदम वॉल्ट्झची धून सुरू.

दुसरा की-बोर्ड लावून पाहिला. एम्युलेटर काढून पुन्हा टाकला. खेळाची फाइल दुसरीकडून उतरवली. फरक शून्य.

एवढा जीव का टाकतोय तेही सांगतो. १९८८च्या मे महिन्यात सांगलीला आत्याकडे होतो. आतेभावाकडे डेसिबेल्स कंपनीने परवाना घेऊन भारतात काढलेला स्पेक्ट्रम प्लस होता. टेपरेकॉर्डरमध्ये कॅसेट घालायची, बारीक स्क्रूड्रायव्हरने हेडचा स्क्रू जरासा फिरवून आवाज खणखणीत करायचा, मग टीव्हीच्या कडेने रंगीत पट्टे धावायला लागायचे आणि आम्ही श्वास रोखून बसायचो. दादाची डाव्या हाताची दोन बोटं क्यू आणि डब्ल्यूवर, उजवा अंगठा स्पेसवर. मला दिवसाला एकच डाव मिळायचा आणि वर सक्त ताकीद असायची, ‘बाणांना हात लावायचा नाही.’ नवं मशीन, बटणं जपतोय, असं मला वाटायचं.

दादाच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. शनिवारपासून महिनाभर आमच्याकडे राहायला येतोय. त्याच्या हातात हा खेळ धड चालणारा द्यायचाय. जाणकारांनी मार्ग दाखवावा.

प्रतिसाद १

लॅपटॉपच्या की-बोर्डवर तीन बटणं एकदम दाबली की घोळ होतो. यूएसबी गेमपॅड घ्या, सुटाल.

प्रतिसाद २

गेमपॅड विकत घ्यायची घाई करू नका. तुमचा की-बोर्ड ठणठणीत आहे आणि एम्युलेटरही बरोबर चालतोय. तुम्ही जे वर्णन केलंय, खऱ्या मशीनवरही अगदी तेच झालं असतं.

मूळ १९८२च्या स्पेक्ट्रमला रबराची चाळीस बटणं होती, बाणांची वेगळी बटणं नव्हतीच. बाण ५, ६, ७, ८ या आकड्यांवर छापलेले असायचे आणि ते कॅप्स शिफ्ट दाबून वापरायचे. पुढे स्पेक्ट्रम प्लसला वेगळे बाण आले, पण ते बटण आतून शिफ्ट आणि आकडा असं दोन्ही एकदम दाबतं. एम्युलेटरही साधारण तसंच करतात. तुम्ही डावा बाण दाबता तेव्हा खेळाला दिसतं शिफ्ट अधिक ५.

आता मॅनिक मायनरमध्ये खालची अख्खी ओळ, म्हणजे शिफ्टपासून स्पेसपर्यंतची सगळी बटणं, उडीची आहेत. ५ म्हणजे डावीकडे, ८ म्हणजे उजवीकडे. म्हणून बाणाने विली चालतो आणि त्याच दमात उडीही मारतो. आणि शिफ्ट व स्पेस एकत्र दाबणं हा या खेळातला डाव सोडायचा हुकूम आहे. बाणातला शिफ्ट आणि तुमचं स्पेस एकत्र आलं की पियानो हजर.

तुमचे दादा बटणं जपत नव्हते हो. त्या प्लसवर बाण वापरले असते तर त्यांचाही डाव असाच मोडला असता.

उपाय सोपा आहे. वरच्या ओळीत क्यू डावीकडे, डब्ल्यू उजवीकडे, ई डावीकडे, आर उजवीकडे, असं एकाआड एक थेट पीपर्यंत आहे. हाताला बसेल ती जोडी घ्या. बाणच हवे असतील तर एम्युलेटरमध्ये ते केम्पस्टन प्रकारच्या जॉयस्टिकला जोडा. मात्र जॉयस्टिक आहे की नाही हे खेळ पियानोच्या चित्राच्या वेळीच तपासतो, म्हणून आधी सेटिंग करा, मग खेळ लोड करा.

धागाकर्ता

काय बोलू! क्यू-डब्ल्यूवर बोटं ठेवली आणि विली सरळ चालायला लागला. तुमचा प्रतिसाद बायकोला वाचून दाखवला. ‘बाणांना हात लावायचा नाही’चा अर्थ मला इतक्या वर्षांनी कळला.

आता दुसरी शंका विचारतो. पहिल्या गुहेत जो सरकता पट्टा आहे, तो मला डावीकडे ओढत नेतो. उजवं बटण कितीही दाबा, जुमानत नाही. शिवाय वळताना विली क्षणभर अडखळतो. हे तरी माझ्याच सेटिंगमुळे का?

प्रतिसाद २

नाही, दोन्ही खेळातच आहे. विलीचं तोंड उजवीकडे असताना डावं बटण दाबलं की पहिलं पाऊल नुसतं वळण्यात जातं, चालणं त्यानंतर. कडेवर उभं राहून उडी घ्यायची असेल तर आधी तोंड फिरवून घ्या. एकदा हवेत गेलात की दिशा बदलता येत नाही, म्हणून बटण दाबायच्या आधीच कुठे उतरणार ते ठरलेलं पाहिजे.

पट्ट्याचं म्हणाल तर खेळाच्या हिशेबी तो म्हणजे सतत दाबून धरलेलं डावं बटण. त्यावर तुम्ही उजवं दाबलंत की दोन्ही दाबल्यासारखं होतं, आणि मग विली आधी जे करत होता तेच चालू ठेवतो. उजवीकडे उडी मारत, उजवं बटण न सोडता पट्ट्यावर उतरा, तो पट्ट्याच्या उलट चालत राहील. क्षणभर जरी सोडलंत तरी पट्टा ताबा घेतो आणि मग परत दाबून उपयोग नाही.

प्रतिसाद ३

सरावासाठी एक युक्ती. बग-बाइट या कंपनीने काढलेली आवृत्ती असेल तर खेळता खेळता ६०३१७६९ टाइप करा. जीवांच्या शेजारी बूट दिसला की झालं. मग ६ आणि १ एकत्र दाबलं की दुसरी, पेंग्विनांची गुहा. सॉफ्टवेअर प्रोजेक्ट्स या दुसऱ्या कंपनीच्या आवृत्तीत आकड्यांऐवजी ‘टाइपरायटर’ हा शब्द इंग्रजीत टाइप करायचा. पाचव्या गुहेत मात्र जपून. शेवटची वस्तू उचलली की युजीन नावाचा शत्रू दार अडवायला खाली उतरायला लागतो.

धागाकर्ता

उजवं बटण दाबून धरलं, पट्ट्यावर उतरलो आणि चालत गेलो! काल रात्री पावणेबाराला पहिली गुहा पार झाली, हवेची पट्टी अगदी बोटभर उरली होती. युक्ती लिहून ठेवली आहे, पण ती वापरायची की नाही ते दादा ठरवेल.

लॅपटॉपचे चारही बाण कागदाची पट्टी चिकटवून झाकलेत. सर्वांचे मनापासून आभार.