लिनक्स कर्नल ६.१ वरून ६.६ वर गेल्यावर एक्सपांडरचा इंटरप्ट मध्येच थांबतो. नेमका कुठे हरवतोय?

टी_ब्लॉक_भोसरी

नमस्कार मंडळी. भोसरी एमआयडीसीत एका छोट्या कंपनीत मी कंट्रोलरचं सॉफ्टवेअर बघते. पॉवर प्रेसवर आमचा एआरएम बोर्ड बसतो, त्यावर लिनक्स. बोर्डाला आयटूसीवर (दोन तारांची बस) १६ इनपुटांचा एक्सपांडर (इनपुट वाढवणारी चिप) जोडलाय. एक प्रॉक्सिमिटी सेन्सर स्लाइड खाली आली की सांगतो, दुसरा जॉब बाहेर पडला की. दोन्ही जुळले की एक नग मोजला जातो. एक्सपांडरची इंटरप्ट पिन, म्हणजे इनपुट बदललं की प्रोसेसरला हाक देणारी, बोर्डाच्या एका जीपीआयओवर (साध्या इनपुट-आउटपुट पिनवर) येते.

६.१ वर हे बिनतक्रार चालत होतं. कर्नल जुना पडू नये म्हणून ६.६ वर नेलं, आणि आता कधी अर्ध्या तासात, कधी अख्खी शिफ्ट संपत आल्यावर इनपुट मुके होतात. प्रेस ठोकतोय, सेन्सरचा दिवा लुकलुकतोय, पण आकडा जागचा हलत नाही. रीबूट केलं की पुन्हा सुरू. डीमेसेजमध्ये (कर्नलच्या लॉगमध्ये) एक ओळ नाही. सीपीयूवर ताण नाही. ड्रायव्हर मेनलाइनमधला (मूळ अधिकृत कर्नलमधला) आहे, त्याला आम्ही हात लावलेला नाही.

ऑपरेटरचा शिफ्टचा हिशोब याच आकड्यावर होतो. मोजणी थांबली की कागदावर त्याचे नग कमी दिसतात, आणि दिवसभर उभं राहून काम केलेल्या माणसाला बोलणी खावी लागतात. हे मला अजिबात चालणार नाही. फिटर काका म्हणतात, "जुनंच टाका परत." सध्या तेच टाकलंय, पण जन्मभर ६.१ वर बसता येणार नाही.

बायसेक्ट (अर्धं-अर्धं करत बिघडवणारा बदल शोधणं) करायचं तर मधे पाच आवृत्त्यांचे कमिट (नोंदवलेले बदल) आहेत, आणि बिघाड दिसायलाच एवढा वेळ लागतो. सुरुवात कुठून करू?

हिंजवडी_फेज_दोन

बूट ओळीत 'आयआरक्यूपोल' (हरवलेल्या इंटरप्टसाठीचा कर्नलचा पर्याय) टाकून बघा. आयआरक्यूबॅलन्स (इंटरप्ट वेगवेगळ्या सीपीयूंवर वाटणारा प्रोग्राम) चालू असेल तर बंद करा. आणि आरटी (रिअल-टाइम) कर्नल वापरताय का? ६.१ वर तो पॅच वेगळा लावावा लागायचा, त्यातलं काहीतरी ६.६ वर नेताना राहिलं असेल. तोवर दर सेकंदाला एक्सपांडर वाचणारी छोटी स्क्रिप्ट लावली तर काम भागेल.

ओपन_ड्रेन

ताई, स्क्रिप्ट लावू नका. दर सेकंदाला वाचलंत तर लाइन मोकळी होईल, इनपुट परत बोलू लागतील आणि मधले नग गुपचूप गळत राहतील. आत्ता निदान आकडा थांबलेला डोळ्यांना दिसतो. स्क्रिप्टनंतर तो थोडासा चुकीचा दिसेल आणि कुणाच्या लक्षातही येणार नाही. तुमच्या ऑपरेटरसाठी ते जास्त वाईट.

'आयआरक्यूपोल'चा इथे संबंध नाही. तो सल्ला कर्नल स्वतः देतो, पण तेव्हा डीमेसेजमध्ये 'नोबडी केअर्ड' अशी ओळ येते. एखाद्या लाइनवर १,००,००० इंटरप्ट आले आणि त्यातले ९९,९०० हून जास्त कुठल्याच हँडलरने (इंटरप्ट आल्यावर चालणाऱ्या कोडने) आपले म्हटले नाहीत, तर कर्नल ती लाइन बंद करतो आणि तसं लिहून ठेवतो. तुमचा लॉग कोरा आहे. तुमच्याकडे इंटरप्टचा पूर आलेला नाही, ते यायचेच थांबलेत.

बायसेक्ट नंतर. आधी इंटरप्ट कुठल्या पायरीवर हरवतो ते ठरवा: चिपने लाइन ओढली का, जीपीआयओ कंट्रोलरने ती पाहिली का, कर्नलने हँडलर चालवला का, हँडलरने चिप नीट वाचली का. चारही ठिकाणी हात लावून बघता येतं, आणि त्याला कर्नल बांधावा लागत नाही.

इनपुट मुके झाले की रीबूट करू नका, त्याच अवस्थेत बोर्ड पकडा. /प्रॉक/इंटरप्ट्स थोड्या अंतराने दोनदा काढा. एक्सपांडरच्या ओळीतला आकडा वाढतो की नाही? मग मल्टिमीटर किंवा स्कोप थेट इंटरप्ट पिनवर लावा. ३.३ व्होल्ट दिसतात की शून्य? मग आयटूसीगेट या आज्ञेने दोन्ही पोर्टची (आठ-आठ इनपुटांच्या गटांची) इनपुट रजिस्टर हाताने वाचा. पत्ता ड्रायव्हरने धरलेला असतो, त्यामुळे जबरदस्तीचा पर्याय द्यावा लागेल. म्हणून हे टेबलावरच्या बोर्डवर करा, चालू प्रेसवर अजिबात नको. वाचल्यावर मोजणी आपोआप सुरू झाली तर ते मला नक्की सांगा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: /प्रॉक/इंटरप्ट्समध्ये त्याच ओळीत 'एज' (लाइन बदलते त्या क्षणीच इंटरप्ट) किंवा 'लेव्हल' (लाइन त्या पातळीवर असेपर्यंत इंटरप्ट) लिहिलेलं असतं. नसेल तर /सिस/कर्नल/आयआरक्यू खाली त्या क्रमांकाच्या फोल्डरमध्ये 'टाइप' नावाची फाइल आहे. ती ओळ ६.१ वर काय म्हणते आणि ६.६ वर काय, दोन्ही इथे टाका.

टी_ब्लॉक_भोसरी

ओपन_ड्रेन, तुम्ही सांगितलेलं सगळं गुरुवारी केलं. एमआयडीसीला सुट्टी, शेजारच्या शेडमधलं वेल्डिंग बंद, त्यामुळे स्कोपवर स्वच्छ दिसलं.

मुक्या अवस्थेत /प्रॉक/इंटरप्ट्सचा आकडा गोठलेला. पिनवर शून्य व्होल्ट, लाइन खालीच धरलेली. दोन्ही पोर्ट हाताने वाचल्यावर लाइन लगेच वर गेली आणि मोजणी सुरू झाली!

आणि ती ओळ: ६.१ वर 'लेव्हल', ६.६ वर 'एज'.

डिव्हाइस ट्री (बोर्डावर काय कुठे जोडलंय ते कर्नलला सांगणारी फाइल) दोन्हीकडे तीच आहे. मग हे बदललं कसं?

ओपन_ड्रेन

वा, सापडलं. छान मोजमाप केलंत. आता सविस्तर लिहितो, कारण हाच बिघाड वेगवेगळ्या बोर्डांवर वेगवेगळ्या चिपच्या नावाने येतो आणि लोक महिनोन्महिने केबली बदलत बसतात.

तुमचा एक्सपांडर इनपुट बदलला की लाइन खाली ओढतो आणि ते पोर्ट वाचेपर्यंत सोडत नाही. पोर्ट दोन आहेत, आणि एक वाचल्याने दुसऱ्याचा इंटरप्ट साफ होत नाही. समजा जॉबचा सेन्सर पोर्ट १ वर आहे आणि त्याने लाइन ओढली. हँडलरचा थ्रेड उठला, आयटूसीवर आधी पोर्ट ० वाचलं, मग पोर्ट १ वाचायला घेतलं. १०० किलोहर्ट्झवर एक बाइट म्हणजे ९ क्लॉक, म्हणजे ९० मायक्रोसेकंद. नेमक्या त्या फटीत पोर्ट ० वरचा स्लाइडचा सेन्सर बदलला, तर पोर्ट १ साफ होईपर्यंत पोर्ट ० ने लाइन पुन्हा धरलेली असते. लाइन वर जातच नाही.

'लेव्हल' असेल तर यात काही बिघडत नाही. थ्रेड संपल्यावर कर्नल लाइनवरचा मास्क (तात्पुरती बंदी) काढतो, ती अजून खाली आहे हे दिसतं, हँडलर परत चालतो. 'फॉलिंग एज' असेल तर कर्नल वरून खाली येण्याची वाट बघतो. लाइन आधीच खाली आहे, मग ती खाली येणार कुठून? चिप म्हणते वाचा, कर्नल म्हणतो मला काही ऐकू आलं नाही, आणि दोघंही रीबूटपर्यंत तसेच. एका ठोक्यात त्या ९० मायक्रोसेकंदांत सापडण्याची शक्यता थोडी असते, म्हणून कधी अर्धा तास, कधी अख्खी शिफ्ट.

आता बदललं कसं. डिव्हाइस ट्रीमध्ये इंटरप्टच्या ओळीत शेवटचा आकडा बघा. १ म्हणजे रायझिंग एज, २ फॉलिंग एज, ४ हाय लेव्हल, ८ लो लेव्हल. माझा अंदाज, तुमच्याकडे २ आहे. ड्रायव्हर इंटरप्ट मागताना स्वतः प्रकार सांगत असेल तर कर्नल ड्रायव्हरचं ऐकतो, तो गप्प राहिला तर डिव्हाइस ट्रीचं. जुन्या ड्रायव्हरमध्ये 'लो लेव्हल' पक्कं लिहिलेलं असणार, त्यामुळे ट्रीतला २ कधी वापरातच आला नाही. मधल्या आवृत्तीत कुणीतरी ते काढून ट्रीचं ऐकायचं ठरवलं. बदल योग्यच आहे, पण त्याने झाकलेला २ उघडा पडला.

खात्री दोन बाजूंनी करा. एक, त्या एकाच ड्रायव्हर फाइलपुरता बायसेक्ट लावा. गिट बायसेक्टला पाथ देता येतो. अख्ख्या ६.१ ते ६.६ साठी सोळा-सतरा पायऱ्या लागतील, एका फाइलचे कमिट हाताच्या बोटांवर मोजण्याइतके असतात. टोकं मेनलाइनच्या ६.१ आणि ६.६ या टॅगवर ठेवा, स्टेबल (फक्त दुरुस्त्या घेणाऱ्या) शाखांवर नको, आणि आधी मेनलाइन ६.१ तुमच्या बोर्डवर चांगला चालतो हे तपासा.

दोन, बिघाड लवकर दिसेल असं करा. मधूनमधून येणाऱ्या बिघाडात 'बॅड' म्हणायला एकदा दिसणं पुरतं, पण एक खोटा 'गुड' अख्खा शोध भलत्या वाटेला नेतो. दोन चॅनेलचा फंक्शन जनरेटर घ्या, एक पोर्ट ० वर ५० हर्ट्झ, दुसरा पोर्ट १ वर ५१ हर्ट्झ. व्होल्टेज तेवढं चिपला झेपेल असं ठेवा. दोघांच्या कडा दर सेकंदाला एकमेकींना ओलांडतील आणि ती ९० मायक्रोसेकंदांची फट सतत चाचपली जाईल. ६.६ वर किती वेळात अडकतं ते बघा, त्याच्या कितीतरी पट वेळ टिकलं तरच 'गुड' म्हणा.

कमिट_वाचक

म्हणजे दोष कर्नलचा नाहीच. बोर्डवाल्याने ट्रीमध्ये चुकीचं लिहिलं, एवढंच. मेंटेनरकडे (तो कोड सांभाळणाऱ्यांकडे) गेलात तर ते हेच म्हणतील. २ चं ८ करा आणि विषय संपवा.

ओपन_ड्रेन

२ चं ८ करायचंच आहे. विषय संपवण्याशी मात्र मी सहमत नाही.

ज्याचं यंत्र काल चालत होतं आणि कर्नल बदलल्यावर आज चालत नाही, त्याच्यासाठी ते रिग्रेशन आहे, आणि लिनक्सचे जनक लिनस टॉरवाल्ड्स या बाबतीत वर्षानुवर्षं ठाम आहेत. डिव्हाइस ट्रीबद्दलही अपेक्षा हीच, की जुनी ट्री नव्या कर्नलवर चालावी. अनेक बोर्डांवर ट्री बूटलोडरबरोबर फ्लॅशमध्ये बसलेली असते, ती कुणी बदलत नाही. कर्नलच्या रिग्रेशनचा माग ठेवणारे थॉर्स्टन लेमहुइस यांनी रेग्झबॉट हा नोंदी ठेवणारा बॉट खास अशा तक्रारी हरवू नयेत म्हणून बनवलाय. तक्रार साध्या मजकुरात लिहा, कुठल्या कमिटपासून बिघडलं ते नोंदवा, रिग्रेशनच्या मेलिंग लिस्टला प्रत द्या. ती ट्री मेनलाइनमध्ये नसेल, बोर्डवाल्याच्या खासगी झाडात असेल, तर मेंटेनर 'तुमची ट्री सुधारा' म्हणतील, आणि तेव्हा ते रास्त असेल. म्हणून आधी ट्री कुठली ते बघा.

ताई, ८ करण्याआधी दोन गोष्टी. तुमच्या एसओसीचा (बोर्डावरच्या मुख्य चिपचा) जीपीआयओ कंट्रोलर लेव्हल इंटरप्ट घेतो ना? ६.१ वर 'लेव्हल' दिसत होतं म्हणजे घेत असणार, पण काही कंट्रोलर फक्त एज ओळखतात. तिथे हा उपाय चालत नाही, ड्रायव्हरलाच लाइन वर जाईपर्यंत पुन्हा पुन्हा वाचावं लागतं. दुसरं, पुल-अप, म्हणजे लाइन वर ओढून ठेवणारा रेझिस्टर. लाइन ओपन ड्रेन आहे, म्हणजे चिप ती फक्त खाली ओढते; पुल-अप निसटला तर ती खालीच राहू शकते, आणि लेव्हलवर मग खरोखरच 'नोबडी केअर्ड'चा पूर येऊ शकतो.

टी_ब्लॉक_भोसरी

जनरेटर लावला. तपकीर गल्लीतून क्लिपा आणि ४.७ किलोओमचे रेझिस्टर आणले, कारण एका बोर्डवर पुल-अपचं सोल्डर मला संशयास्पद वाटत होतं. ६.६ वर ५०/५१ हर्ट्झला मिनिटाच्या आत अडकतं, दर वेळी. ज्या बिघाडासाठी आम्ही शिफ्ट संपेपर्यंत मशीनपाशी बसायचो तो टेबलावर चहा गार व्हायच्या आत दिसला, याचा किती आनंद झाला सांगू!

एका फाइलचा बायसेक्ट चटकन संपला. कमिटमध्ये तेच आहे: पक्का लिहिलेला 'लो लेव्हल' काढलाय, प्रकार डिव्हाइस ट्रीतून घ्यावा असं म्हटलंय. आमच्या ट्रीत २ होता. ८ केल्यावर ६.६ वर तोच जनरेटर रात्रभर चालू ठेवला, अडकलं नाही. ताज्या मेनलाइनवरही बघितलं: २ असताना अडकतं, ८ असताना नाही.

कमिट_वाचक, तुमच्या शंकेमुळे शोधलं. आमच्या बोर्डाची ट्री मेनलाइनमध्येच आहे आणि तिथेही २ च आहे. म्हणजे हा बोर्ड वापरणाऱ्या बाकीच्यांचंही हेच होत असणार.

ट्रीसाठी पॅच लिहितेय. एक अडलंय: पॅच कुठल्या कमिटची चूक सुधारतो ते सांगणाऱ्या 'फिक्सेस'च्या ओळीत कुठला कमिट देऊ? ज्याने ट्रीत २ लिहिला तो, की ज्याने ड्रायव्हर बदलला तो?

कमिट_वाचक

ट्री मेनलाइनमधली असेल तर माझं म्हणणं मागे. तक्रारही कराच.

ओपन_ड्रेन

'फिक्सेस'मध्ये ट्रीत २ आणणारा कमिट द्या, कारण तुमचा पॅच तीच ओळ दुरुस्त करतोय. हॅशची पहिली किमान १२ अक्षरं आणि कंसात कमिटचा मथळा. ड्रायव्हरचा कमिट वर्णनात लिहा: त्याच्या आधी हा २ निरुपद्रवी होता, त्याच्यानंतर इंटरप्ट अडकतो. रिग्रेशनच्या तक्रारीत मात्र 'इथून सुरू झालं' म्हणून ड्रायव्हरचाच कमिट द्यायचा. त्या कमिटच्या लेखकालाही प्रत पाठवा, त्याला इतर ट्रींमधले असे २ शोधता येतील.

स्टेबलला प्रत जाईल अशी ओळ विसरू नका, म्हणजे ६.६ च्या शाखेतही तो येईल आणि तुम्हाला वेगळा पॅच सांभाळावा लागणार नाही. वर्णनात ती ९० मायक्रोसेकंदांची फट आणि ५०/५१ हर्ट्झची चाचणी नक्की लिहा. पाठवण्याआधी मसुदा इथे टाकलात तर मी वाचून देतो.