सिगारेट सुटते, पण तिसऱ्या आठवड्यात निर्धार ढिला पडतो

पाऊलवाट: पहिले काही दिवस निभतात, मग ‘एकच ओढू’ सुरू होतं. निकोटिन गम (तलफ भागवायला चघळायचा, निकोटिन असलेला च्युइंग गम) चालू असूनही तलफ येते. काय चुकत असावं?

कडूनिंब: बहुधा चघळण्याची पद्धत. सलग चावला तर निकोटिन लाळेबरोबर पोटात जातं. उचक्या, जळजळ, आणि तलफ तशीच. सावकाश चावा, झिणझिण्या आल्या की गाल आणि हिरडीच्या मध्ये ठेवा. ओसरल्या की पुन्हा चावा, बाजू बदला. असा अर्धा तास. आधी १५ मिनिटं कॉफी, सरबत नको. तोंड आंबट असलं की निकोटिन नीट शोषलं जात नाही. उठल्यावर ३० मिनिटांच्या आत सिगारेट लागत असेल तर ४ मिग्रॅचा गम, नाहीतर २ मिग्रॅचा.

रातराणी: शिवाय तलफ यायची वाट बघू नका. पहिले ६ आठवडे दर एक-दोन तासांनी एक गम घ्या.

चष्मिष: कॉफीही निम्मी करा. धुरामुळे यकृत कॅफिन भराभर संपवतं. सिगारेट बंद झाली की तेवढ्याच कपांनी धडधड होते, झोप उडते. लोक त्यालाच तलफ समजतात!

कडूनिंब: हे खरंय. आणि एक ओढली गेलीच, तर उरलेलं पाकीट फेका, गम चालू ठेवा. ‘आता मोडलंच’ म्हणत पाकीट संपवलं जातं, घात तिथे होतो.