'डिफेंडर'ला मराठीत काय म्हणायचं? रक्षक, कैवारी की पाठीराखा

नमस्कार मंडळी, आमच्या वाचनगटासाठी शिकागो डिफेंडर या पेपरच्या इतिहासावर एक टिपण लिहितेय आणि तीन शब्दांपाशी गाडी अडलीये. ५ मे १९०५ ला रॉबर्ट ॲबट यांनी शिकागोत सुरू केलेलं आफ्रिकन अमेरिकन समाजाचं साप्ताहिक, भांडवल २५ सेंट, पहिला अंक ३०० प्रतींचा, ऑफिस म्हणजे घरमालकिणीच्या घरातलं एक टेबल. आता या नावाचं मराठी काय करू? 'रक्षक' लिहिलं तर सोसायटीच्या गेटवरचे सुरक्षारक्षक आठवतात. दुसरं म्हणजे हा पेपर रेल्वेतून दक्षिणेतल्या राज्यांत नेणारे 'पोर्टर', तो मी हमाल केलाय. आणि तिसरं, तो पेपर स्वतःच्या लोकांना 'रेस' म्हणायचा, त्याला वंश म्हणू का?

---

रक्षक नकोच. कैवारी करा. आपल्याकडे 'कैवार घेणे' हा जो वाक्प्रचार आहे ना त्यात दुबळ्याची बाजू घेऊन उभं राहणं, त्याच्यासाठी भांडणं हे सगळं येतं, रक्षकात फक्त राखण येते. शिवाय पेपरच्या नावाला हा शब्द परका पण नाही, ब्राह्मणेतर चळवळीत 'कैवारी' नावाचं पत्र निघत होतंच, त्याच्याही आधी १८७७ पासून 'दीनबंधु' होतं. तशा घराण्यातलं नाव आहे हे.

---

कैवारी छान आहे पण मला एक खटकतं. आपण 'गरिबांचा कैवारी' म्हणतो तेव्हा तो बहुतेक वेळा स्वतः गरीब नसतो, वरून येऊन कैवार घेणारा असतो. इथे तसं नाही. ॲबट जॉर्जियात जन्मलेले, आईवडील गुलामीत जन्मलेले, छपाईचं काम शिकलेले, पुढे वकिलीची पदवी घेऊनही रंगामुळे तिथे जम बसला नाही. म्हणजे ज्याचं दुखतंय तोच बोलतोय. अमेरिकेतला पहिला कृष्णवर्णीय मालकीचा पेपर १८२७ ला न्यूयॉर्कमध्ये निघाला, फ्रीडम्स जर्नल, तेही साप्ताहिकच, त्याच्या पहिल्या अंकातच म्हटलंय की आमची बाजू आम्हालाच मांडायचीय, फार काळ दुसरेच आमच्या वतीने बोलत आलेत. हा अर्थ कैवारी शब्दात पुसट होतो. माझं मत, नाव 'शिकागो डिफेंडर' असंच ठेवा, पहिल्यांदा येईल तिथे 'म्हणजे कैवारी' एवढं लिहा आणि पुढच्याच वाक्यात ॲबट कोण होते ते सांगा, वाचकाला बरोबर कळतं.

---

पोर्टरबद्दल मला मनापासून सांगायचंय, हमाल प्लीज काढा. हमाल म्हटलं की फलाटावरचा लाल डगलेवाला येतो डोळ्यापुढे. पुलमन कंपनीच्या स्लीपर डब्यातले पोर्टर गाडीबरोबर प्रवास करायचे, रात्री बर्थ लावायचे, चादरी घालायचे, प्रवाशांचे बूट पॉलिश करायचे, सामान तर उचलायचेच, आणि बरीचशी कमाई टिपवर. हे काम करणारे जवळजवळ सगळे कृष्णवर्णीय, आणि गोरे प्रवासी त्यांना स्वतःच्या नावाने हाक न मारता सरसकट 'जॉर्ज' म्हणायचे, कारण कंपनीच्या मालकाचं नाव जॉर्ज पुलमन. ज्यांचं नावसुद्धा कोणी विचारत नव्हतं त्याच लोकांनी हे साप्ताहिक दक्षिणेत पोचवलं. शिकागोत गठ्ठा घ्यायचा, गाडीत नीट ठेवायचा आणि मिसिसिपी, लुइझियानातल्या स्टेशनांवर आपल्या माणसाच्या हातात द्यायचा. तिकडे कित्येक गावांत हा पेपर विकणाऱ्याला धमक्या होत्या, अंक जप्त व्हायचे, म्हणून ही वाट. मग तो एक अंक न्हाव्याच्या दुकानात, चर्चमध्ये मोठ्याने वाचला जायचा, ज्याला अक्षरओळख नाही त्यालाही उत्तरेत काम मिळतंय हे कळायचं, दक्षिणेत कुठे कोणाला झुंडीने मारलं हे पण कळायचं, जे तिकडचे पेपर एकतर छापत नव्हते नाहीतर मारणाऱ्यांच्या बाजूने छापत होते. म्हणून 'डब्यातला अटेंडंट' म्हणा, आपल्या एसी डब्यामुळे तो शब्द सगळ्यांना माहितीये.

---

अटेंडंटला माझा पण होकार.

आता 'रेस'. ॲबटनी 'निग्रो' शब्द शक्यतो टाळला होता, त्याऐवजी 'द रेस', 'रेस मॅन', 'रेस वुमन' असं छापायचे. याला वंश म्हटलं तर ते मानववंशशास्त्राच्या पुस्तकातलं वाटतं. मला वाटतं आपल्याकडे याला नेमका शब्द आहे, समाज. 'आपल्या समाजाचा माणूस', 'समाजासाठी झिजला' असं आपण बोलतो ना त्यातला समाज, त्यात आपलेपणा आहे आणि अभिमानही आहे. जुन्या मराठी पुस्तकांतलं निग्रो, हबशी तर अजिबात नको, लोक स्वतःला काय म्हणतायत ते आधी बघायचं.

---

समाज पटला, पण पहिल्यांदा 'कृष्णवर्णीय समाज' म्हणा, नाहीतर कातडीच्या रंगावरून झालेला अन्याय वाक्यातून गायबच होईल. आणि एक, सरसकट साप्ताहिक लिहू नका. मथळ्यावर 'जगातलं सर्वश्रेष्ठ साप्ताहिक' असं अभिमानाने छापायचे ते खरं, पण १९५६ मध्ये ॲबटांचे पुतणे जॉन सेंगस्टॅक यांनी ते दैनिक केलं, नंतर २००८ ला परत साप्ताहिक आणि जुलै २०१९ पासून कागदावर बंद, फक्त ऑनलाइन. आपल्याकडे पण लोक 'मूकनायक'ला साप्ताहिक म्हणून मोकळे होतात, १९२० चं ते पाक्षिक होतं. अशा चुका एकदा छापल्या की पिढ्यान्‌पिढ्या चालतात.

---

सगळ्यांचे खूप आभार, हमाल खोडला. दक्षिणेतल्या कृष्णवर्णीयांनी उत्तरेत यावं म्हणून डिफेंडरने चालवलेल्या १९१७ च्या 'ग्रेट नॉर्दर्न ड्राइव्ह'ला 'उत्तरेकडे चला मोहीम' केलंय. आता परिच्छेद असा झालाय, बघा: "डब्यातले अटेंडंट शिकागोहून डिफेंडरचे गठ्ठे दक्षिणेत न्यायचे. समाजाच्या माणसांनी समाजाच्या माणसांसाठी काढलेलं हे साप्ताहिक वाचून कित्येकांनी बोचकी बांधली. १९१० ला शिकागोत कृष्णवर्णीय लोकसंख्या ४४ हजारांच्या आसपास होती, १९२० ला ती १ लाख ९ हजारांवर गेली."

---

'बोचकी बांधली' ठेवाच, बदलू नका.