सार्वजनिक सेवा आणि ग्राहक कायदा : तुमचा अनुभव लिहा

२४ डिसेंबरला राष्ट्रीय ग्राहक दिन असतो. १९८६ साली याच तारखेला ग्राहक संरक्षण कायद्याला राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली. तो कायदा बदलून आलेलं विधेयक २०१९ मध्ये ३० जुलैला लोकसभेत आणि ६ ऑगस्टला राज्यसभेत मंजूर झालं. दोन्ही कायद्यांत सेवांची यादी आहे. बँक, विमा, वाहतूक, वीज वगैरे. आणि दोन्हींत यादीच्या शेवटी तीच अट आहे, की विनामूल्य दिलेली सेवा यात धरायची नाही.

माझ्या मते सगळा प्रश्न या अटीत आहे. ज्यांच्याकडे पैसे नाहीत त्यांना सरकारी सेवेशिवाय दुसरा आधार नसतो, आणि नेमकी त्यांचीच तक्रार ऐकायला ग्राहक आयोगाचं, म्हणजे या कायद्याखाली निवाडा करणाऱ्या यंत्रणेचं, दार बंद. वीज, पोस्ट, दवाखाना, दाखले, घर यांपैकी कशाचाही अनुभव लिहा. कुठे गेलात, काय झालं, कोणता नियम उपयोगी पडला. कार्यालयाचं किंवा माणसाचं नाव नको.

सांगली, किराणा दुकान

दुकानाचा मीटर बंद पडला. लेखी अर्ज दिला, पोच घेतली. तरी महिनोन् महिने सरासरी बिल येत राहिलं आणि मग एकदम थकबाकीसकट असा आकडा आला की दुकानाचं वर्षाचं भाडं भरलं असतं. वीज कंपनीच्या ऑफिसात एकच उत्तर, आधी भरा, मग बघू.

मी वीज ग्राहक तक्रार निवारण मंचाकडे गेलो. तिथे नाही जमलं तर वर विद्युत लोकपाल असतो. वकील लावला नाही. अर्जाची पोच आणि जुनी बिलं समोर ठेवली, मंचाने बिल दुरुस्त करायला लावलं. एक गोष्ट मात्र बघून घ्या. अनधिकृत वापराचा ठपका ठेवून वीज कायद्याच्या कलम १२६ खाली आकारणी केली असेल, तर तिच्याविरुद्ध ग्राहक आयोगात जाता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये ते स्पष्ट केलंय. त्यामुळे नोटिशीवर कोणतं कलम आहे ते आधी वाचा, मग कुठे जायचं ते ठरवा.

नाशिक, निवृत्त शिक्षिका

भाच्याची मूळ कागदपत्रं मी स्पीड पोस्टाने पाठवली. ती पोचली मुलाखत होऊन गेल्यावर. पोस्टमास्तर भले होते, त्यांनी तक्रार नोंदवून घेतली, पाठपुरावाही केला. शेवटी हातात आलं टपाल शुल्क परत. नोकरी गेली त्याचं काय, असं विचारलं तर त्यांच्याजवळही उत्तर नव्हतं.

नंतर समजलं की १८९८ च्या पोस्ट कायद्यातल्या कलम ६ ने खात्याला हे संरक्षण दिलं होतं. हरवलं, उशीर झाला, चुकीच्या पत्त्यावर गेलं, तरी कुणी मुद्दाम किंवा कपटाने केल्याचं सिद्ध झाल्याशिवाय जबाबदारी नाही. इंग्रजांनी स्वतःच्या सोयीसाठी केलेला कायदा म्हणून समजून घेता येतं. पण २०२३ च्या डिसेंबरमध्ये आपल्याच संसदेने नवा पोस्ट कायदा केला, त्यातही कलम १० मध्ये ही सूट जवळपास तशीच ठेवली. खातं नियमांनी स्वतः जेवढी जबाबदारी पत्करेल तेवढीच. बाहेर वाद गाजला तो टपाल उघडून पाहण्याच्या अधिकारावरून. तोही महत्त्वाचाच. पण ज्याचं पाकीट उशिरा पोचलं त्याच्याबद्दल फार कमी बोललं गेलं, याचं मला वाईट वाटतं. खासगी कुरियरने हेच केलं असतं तर मी आयोगात गेले असते.

नागपूर, निवृत्त परिचारिका

माझी नोकरी सरकारी रुग्णालयात गेली, आणि माझा सख्खा भाऊ दुसऱ्या एका सरकारी रुग्णालयात रुग्ण होता. म्हणून दोन्हीकडचं लिहिते. भावाचा हात मोडला होता. प्लास्टर घातल्यावर बोटं सुजली, काळीनिळी पडली. रात्रभर सांगूनही प्लास्टर सैल केलं नाही. हात वाचला, पण पकड गेली. तो सुतार आहे. पकड गेली म्हणजे धंदा गेला.

वकिलांनी १९९५ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल समजावून सांगितला. जिथे सगळ्यांनाच मोफत उपचार मिळतात ते रुग्णालय ग्राहक कायद्याबाहेर. केस पेपरचे दोन-पाच रुपये म्हणजे मोबदला नव्हे. जिथे काही जण पैसे भरतात आणि काहींना मोफत मिळतं, तिथे मात्र मोफत उपचार घेणाराही ग्राहक. मग आम्ही त्या रुग्णालयात पैसे भरून खाट घेणारे रुग्ण होते का, याची कागदपत्रं गोळा करत बसलो. हात कुणामुळे निकामी झाला हा मुद्दा बाजूलाच राहिला.

२०१९ च्या चर्चेबद्दल लिहायलाच हवं. आधीच्या, २०१८ च्या विधेयकात सेवांच्या यादीत आरोग्यसेवा हा शब्द होता. रामविलास पासवान ग्राहक व्यवहार मंत्री असताना आलेल्या २०१९ च्या विधेयकातून तो गेला. डॉक्टरांची एक संघटना त्या जोरावर मुंबई उच्च न्यायालयात गेली. संसदेत मंत्र्यांनीच आरोग्यसेवा नाही असं सांगितलंय, मग आमच्यावर खटले कसले, असं त्यांचं म्हणणं. २०२१ मध्ये उच्च न्यायालयाने ते फेटाळलं आणि एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही. मंत्र्यांच्या भाषणाने कायद्यातल्या शब्दांची व्याप्ती कमी होत नाही. हे फार चांगलं झालं. पण त्याचा फायदा पैसे मोजणाऱ्या रुग्णाला.

महाराष्ट्रात सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून सगळे उपचार मोफत झाले. मी आयुष्यभर गरिबांना फी भरताना कंबरेची पिशवी उलटी करताना पाहिलंय, मला या निर्णयाचा आनंद झाला. पण मोफत झालं म्हणजे दाद मागायची सोय जायला नको. डॉक्टर कमी, परिचारिका कमी, एका वॉर्डात दोघींवर साठ रुग्ण. तक्रार ऐकणारं कुणी असेल तरच सरकार त्या जागा भरेल.

बेळगाव, खासगी नोकरी

आमच्याकडे कर्नाटकात 'सकाल' योजना आहे, २०११ च्या कायद्याखालची. दाखल्याचा अर्ज दिला की क्रमांक मिळतो, त्यावर शेवटची तारीख असते. उशीर झाला तर दिवसाला २० रुपये, जास्तीत जास्त ५०० रुपये भरपाई अर्जदाराला. मुलीच्या उत्पन्नाच्या दाखल्याला तारीख टळली तेव्हा मी खिडकीवर तो क्रमांक दाखवला आणि भरपाईचा अर्ज मागितला. दाखला त्याच संध्याकाळी मिळाला. रक्कम किरकोळ आहे, पण ती माझा हक्क म्हणून लिहिलेली आहे.

ठाणे, बँक कर्मचारी

सोडतीत घर लागलं, पैसे पूर्ण भरले, ताबा नाही. निमसरकारी प्राधिकरणाच्या वकिलाने आयोगासमोर सांगितलं की आम्ही वैधानिक संस्था, आम्हाला हा कायदा लागू नाही. अशा संस्थांनाही हा कायदा लागू आहे असं सांगणारा सर्वोच्च न्यायालयाचा १९९३ चा लखनौ विकास प्राधिकरणाचा निकाल आमच्या वकीलबाईंनी पुढे केला आणि तो मुद्दा तिथेच संपला. त्या निकालात आणखी मोठी गोष्ट आहे. नागरिकाला छळल्याबद्दलची भरपाई जनतेच्या पैशातून न जाता जबाबदार अधिकाऱ्याकडून वसूल करावी. आमच्या प्रकरणात तेवढं झालं नाही. व्याज मिळालं. कायदा म्हणतो तीन महिन्यांत निकाल लावायचा प्रयत्न करा; आमच्या तारखा काही वर्षं पडत राहिल्या.

नांदेड, विद्यार्थी

गुणपत्रिकेत एका विषयाला गैरहजर दाखवलं. परीक्षेची फी भरली होती, त्यामुळे मी ग्राहक असं वाटलं. तसं नाही. परीक्षा मंडळ परीक्षा घेतं ती सेवा नव्हे, असा सर्वोच्च न्यायालयाचा २००९ चा निकाल आहे. म्हणजे पैसे भरूनही ग्राहक नाही! शेवटी माहिती अधिकारात हजेरीपट मागितला आणि दुरुस्ती झाली.

पुणे, ग्राहक कार्यकर्ती

१९७४ मध्ये बिंदुमाधव जोशींनी इथे ग्राहक पंचायत सुरू केली तेव्हा देशात हा कायदाच नव्हता. चळवळ आधी, कायदा नंतर. म्हणून मला वाटतं की सार्वजनिक सेवांचंही तसंच होऊ शकतं.

२० डिसेंबर २०११ ला लोकसभेत एक विधेयक मांडलं गेलं होतं, नागरिकांना सेवा मुदतीत मिळण्याच्या आणि तक्रार निवारणाच्या हक्काचं. पैसे भरलेत का हा प्रश्नच त्यात नव्हता. प्रत्येक सार्वजनिक कार्यालयाची नागरिकांची सनद (कोणती सेवा किती दिवसांत ते लिहिलेली), तक्रारीची दोन दिवसांत पोच, ३० दिवसांत निवारण, दोषी अधिकाऱ्याला ५० हजार रुपयांपर्यंत दंड. २०१४ मध्ये लोकसभा विसर्जित झाली आणि विधेयक बारगळलं. राज्यांनी मात्र आपापले कायदे केले, काहींनी आधी, काहींनी नंतर. आपला महाराष्ट्राचा २०१५ चा लोकसेवा हक्क अधिनियम त्यातलाच. दाखला अडला की पहिलं अपील, दुसरं अपील, मग राज्य सेवा हक्क आयोग. अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड. मी लोकांना अपील लिहून देते आणि पुष्कळदा अपिलाची प्रत पोचताच काम होतं. पण अधिसूचित यादीतल्या सेवेपुरतंच. नागपूरच्या ताईंच्या भावाचा हात कुठल्याच यादीत बसत नाही. ते २०११ चं विधेयक संसदेत परत यायला हवं, आणि आपापल्या खासदाराला तसं पत्र लिहायला हवं. मी लिहिलंय.

रत्नागिरी

आईच्या पेन्शन खात्यातून सरकारी बँक न विचारता विम्याचा हप्ता कापते. मी हैदराबादला असतो. तक्रार कुठे करायची?

धागा सुरू करणारी

रत्नागिरीसाठी : आधी बँकेला लेखी तक्रार, पोच जपून ठेवा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे. ग्राहक आयोगात जायचं ठरवलंत तर २०१९ च्या कायद्याने आई जिथे राहते त्या जिल्ह्यातही तक्रार करता येते, त्यामुळे रत्नागिरी चालेल. भरलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, आणि मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षं. ग्राहक आयोगांच्या 'ई-जागृती' संकेतस्थळावरून तक्रार घरबसल्या दाखल होते. काही अडलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर फोन करा. पासबुकातल्या कापलेल्या प्रत्येक हप्त्याची नोंद तक्रारीला जोडा.