कॉलेजात 'युनियन' म्हणायचं नाही?

कलिना_लोकल (धागाकर्ता):
लेक टीवायला आहे. तिच्या गटाने कॉलेजच्या सूचनाफलकावर 'स्टुडंट्स युनियन' असा मथळा देऊन एक कागद लावला. दुपारी तो उतरवला गेला. कारण विचारलं तर उत्तर मिळालं, 'कौन्सिल लिहा, युनियन नको.' ती घरी येऊन तणतणतेय आणि मला मात्र गंमत वाटतेय, कारण या शब्दाचं मूळ कुठल्या गिरणीत नाहीच. केंब्रिजला १८१५ साली तीन वादसभा एकत्र आल्या. त्या एक झाल्या, म्हणून 'युनियन'. ऑक्सफर्डची १८२३ ची. ठराव मांडायचा, बाजू घेऊन बोलायचं, शेवटी मतं मोजायची, एवढंच काम. मागण्या, मोर्चे, घेराव हे सगळं या नावाला मागाहून चिकटलं. माझं मत असं, की विद्यार्थ्यांच्या युनियनने वादसभाच राहावं. तशी राहिली तर कुठल्याही प्राचार्यांना त्या नावाची धडकी भरणार नाही.

लालबागकर:
शब्द जन्मला कुठे ते सांगितलंत, वाढला कुठे ते गाळलंत. मुंबईत तो परळ-लालबागच्या चाळींत वाढला. १९२८ ला गिरणी कामगार युनियन झाली आणि १८ जानेवारी १९८२ ला डॉक्टर दत्ता सामंतांचा गिरणी संप सुरू झाला. आमच्या घरी 'आज युनियन आहे' म्हटलं की गेटवर मीटिंग आहे, जेवायला उशीर होईल, असा अर्थ. मुलांची फी वाढते, निकाल लटकतात, हॉस्टेलला पाणी नसतं. त्यावर एकेकट्याने अर्ज करायचा की सगळ्यांनी मिळून बोलायचं? मिळून बोलायचं असेल तर ती युनियनच, आणि तिला युनियनच म्हणा.
आणि तुमच्याच केंब्रिजचं पुढचं पान का उलटलं नाहीत? १८१७ मध्ये विद्यापीठाने ती सभा बंद पाडली. १८२१ ला परत उघडू दिली, पण कशावर वाद घालायचा यावर अटी घालून. त्यांनी कुठे घेराव घातला होता? नुसतं बोलतात म्हणून कुलूप लागलं. तेव्हा धडकी नावाची भरते असं समजू नका.

कलिना_लोकल:
१८१७ मला माहीत होतं. सोयीचं नव्हतं म्हणून लिहिलं नाही, कबूल.

वर्गात_पहिली:
नावावरून एवढी हाणामारी, मग 'कौन्सिल' म्हणजे काय असतं ते मी सांगते. १९९४ च्या विद्यापीठ कायद्याने निवडणुका गेल्या आणि वर्गात पहिला येणारा थेट कौन्सिलवर जाऊ लागला. मी अशीच गेले. मला वर्गाने निवडलं नव्हतं, मार्कशीटने निवडलं होतं. वर्षभरात चार बैठका झाल्या. गॅदरिंगला पाहुणे कोण, हार कोण आणणार, स्मरणिकेत कुणाचा फोटो आधी. परीक्षेच्या वेळापत्रकाबद्दल मी एकदा तोंड उघडलं तर एक सर म्हणाले, 'तुला काय चिंता, तू तर पहिली येतेस.' वर्गातल्या एकीनेही माझ्याकडे कधी गाऱ्हाणं आणलं नाही. का आणावं? मी त्यांची नव्हतेच.

दादर_पश्चिम:
मग निवडणुका हव्यात? मी त्या पाहिल्यात. जीएस, म्हणजे कॉलेजचा जनरल सेक्रेटरी, व्हायचं तर सीआरची, म्हणजे वर्गप्रतिनिधींची, मतं लागायची, म्हणून मतदानाच्या आधी दोन दिवस सीआर गायब. कुणाला लोणावळ्याला नेऊन ठेवलेलं, कुणाला गोव्याला. आईबाप कॉलेजच्या दारात उभे. गेटबाहेर हॉकी स्टिक घेतलेली बाहेरची पोरं. १९८९ ला याच शहरात निवडणुकीच्या वैरातून एका विद्यार्थी नेत्याचा खून झाला. बंदी उगाच आली नाही. माझ्या मुलाने हार आणलेले परवडतील मला.

लालबागकर:
दादर, ही भीती खरी आहे, हसण्यावारी नेत नाही. पण विद्यार्थी निवडणुकांसाठी नेमलेल्या लिंगडोह समितीच्या २००६ च्या शिफारशी बघा. उमेदवाराचा खर्च जास्तीत जास्त पाच हजार, छापील पोस्टर बंद, हजेरी ७५ टक्के. २०१६ च्या नव्या विद्यापीठ कायद्यात तर अध्यक्ष आणि सचिव सगळ्या विद्यार्थ्यांनी थेट निवडायची तरतूद आहे. थेट मत असेल तर सीआर पळवून कुणाचा फायदा? हा कायदा मार्च २०१७ पासून लागू. २०१९ ला निवडणुका होणार म्हणता पुढे ढकलल्या, मग करोना आला आणि विषय बासनात. तिकडे विद्यापीठाच्या सिनेटवर मात्र नोंदणीकृत पदवीधरांच्या दहा जागांसाठी मतदान होतं. म्हणजे शिकून बाहेर पडलेल्याला मत आहे, आत बसलेल्याला नाही.

दादर_पश्चिम:
पाच हजारांत निवडणूक! नगरसेवकाचं पोरगं उभं राहिलं की हिशेब कोण तपासणार?

गिरगावची:
तुम्ही केंब्रिज आणि परळ यांच्यात अडकलात. वाटेत आपलं एल्फिन्स्टन कॉलेज लागतं. तिथल्या विद्यार्थ्यांची १८४८ ची स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी. विद्यापीठ निघालं १८५७ ला, म्हणजे मुंबईत विद्यापीठाच्या आधी विद्यार्थ्यांची सभा होती! सुरुवात निबंध वाचून चर्चा करण्यापासूनच. पण वर्षभरात, १८४९ ला, याच मंडळींनी मुलींच्या शाळा काढल्या. दादाभाई नौरोजी त्यांत होते. सुरुवातीला सभासद स्वतःच फुकट शिकवत. मुलींनी शिकावं की नाही यावर नुसता ठराव पास करून ते घरी गेले असते, तर आज त्यांचं नाव कोण घेतं? तेव्हा कलिना, वादसभा आणि काम अशी जी फाळणी तुम्ही केलीत, ती आपल्याकडे पहिल्या वर्षीच मोडली.
बाकी मराठी नाव घ्या म्हणणाऱ्यांना आगाऊ शुभेच्छा. 'विद्यार्थी परिषद' म्हणालात की १९४९ ची अखिल भारतीयवाली समजतात. 'संघ' म्हणालात तर विचारूच नका. राहिलं 'मंडळ', त्याला लोक गणपतीची वर्गणी देतील.

वर्गात_पहिली:
मंडळाचं अगदी खरं. आमच्या कौन्सिलपेक्षा आमच्या गल्लीतल्या मंडळाचा हिशेब चोख होता.

कलिना_लोकल:
एल्फिन्स्टनपुढे माझी वादसभा थोडी लंगडी पडली, मान्य. तरी आधी बोलायला शिका, मग मागा, हा माझा क्रम मी सोडत नाही. लेकीला तुमचं सगळं वाचून दाखवलं. तिने काल नवा कागद लावला. मथळा 'वादसभा', युनियनचं नाव नाही. विषय: परीक्षा फी आधी परवडेल अशी होती का, आज आहे का. हा कागद कुणी उतरवला नाही.

लालबागकर:
मग? किती जण आले?

कलिना_लोकल:
साठेक. वाद अर्ध्या तासात संपला, कारण फी परवडते असं म्हणायला उभं राहायला कुणी तयार होईना. उरलेला तास ठराव प्राचार्यांकडे कोण घेऊन जाणार यावर गेला. पाच जणांची नावं निघाली. लेकीचं तिसरं आहे.